त्याचा शब्द, तिच्या तोंडून

"पॉलिस्टरचा एक धागा जरी निघाला ना, तर माझा कोळसा होईल," गिऱ्हाईक म्हणालं, आणि पायलनं मान वर करून त्याच्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं.

ऑक्टोबरची दुपार होती. सोलापूरच्या नवी पेठेत कुत्रंसुद्धा सावली सोडायला तयार नव्हतं, आणि हा बाबा चादर मागत होता! तीही जाड, डबल, शंभर टक्के सुती. दुकान अण्णांचं, म्हणजे पायलच्या वडिलांचं. पण अण्णा जेवून आडवे व्हायला घरी गेले की दुकान आणि जीभ, दोन्ही पायलच्या ताब्यात.

"बायको एवढी कडक आहे?" तिनं विचारलं.

"बायको नाही हो… डबा."

"कसला डबा?"

मग त्यानं सांगितलं. नाव ऋतुराज, गाव टेंभुर्णी, काम डायव्हरचं. बुडालेल्या जहाजांतला माल वर काढायचा. अरबी समुद्रात महायुद्धातलं एक जहाज तळाला पडलंय, त्याच्या पोटात तांब्याच्या लगडीच लगडी. इतक्या खोल रोज खाली-वर करता येत नाही. म्हणून कामाच्या जहाजावर एक लोखंडी चेंबर असतं, तोच हा डबा, आणि आत तळाइतकाच दाब ठेवतात. महिनाभर तिथंच झोपायचं, तिथंच जेवायचं, तसल्याच छोट्या बंद पेटीत बसून खाली जायचं आणि परत चेंबरमध्ये यायचं. श्वासाला हेलियम. त्यानं अंगातली ऊब पळते, म्हणून चादर. आणि आग लागली तर पळायला दार नाही, म्हणून सुती.

"अगं बाई! टेंभुर्णीचा माणूस समुद्रात कसा काय पोचला?"

"उजनीच्या पाण्यात पोहायला शिकलो. मग पाणी काय सुटलं नाही की."

पायलनं चादरीच्या कडेचा एक धागा ओढला, उदबत्तीपाशी ठेवलेली काडेपेटी घेतली आणि धागा पेटवला. "घ्या वास. कागद जळल्यासारखा येतोय ना? हे सूत. पॉलिस्टर असतं तर गोळी झाली असती."

तो वाकला. धागा विझला, राख खाली पडली, तरी तो वाकलेलाच.

"विझलाय तो," ती म्हणाली.

"कळलं…" तो म्हणाला, पण मागं सरला नाही.

दुसऱ्या दिवशी तो टॉवेल घ्यायला आला. तिसऱ्या दिवशी नॅपकिन.

"टेंभुर्णीत नॅपकिन मिळत नाहीत वाटतं?"

"मिळतात. पण असं तोंड वाकडं करून कुणी देत नाही."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. परतीच्या पावसाच्या एका सरीनं त्यांना सिद्धेश्वराच्या तळ्याच्या काठी गाठलं. दोघं एका छत्रीत उभी राहिली, त्याचा डावा खांदा भिजला, तिचा उजवा. बोलायचं ते मात्र कुणीच बोललं नाही… आणि तो जहाजावर निघून गेला.

चेंबरमधून त्याचा पहिला फोन आला, तेव्हा पायल गठ्ठ्यांच्या मागं जाऊन बसली, इतकी हसली. हेलियममुळं आवाज चिरका, बदकासारखा झालेला!

"पायल, हसू नको ना! मला एक सिरियस बोलायचंय."

"बोल की, बदका!"

त्यालाही हसू आलं, आणि ते सिरियस तसंच राहिलं.

पुढचा फोन आला तेव्हा मात्र तो हसायच्या मनःस्थितीत नव्हता. त्याच्या आईला सोलापूरच्या दवाखान्यात आणलं होतं. किडन्या गेल्या होत्या. सोबत शेजारच्या फुलाबाई होत्या, पण त्यांना घरदार होतं. "तू एकदा बघून येशील? माझं दुसरं कुणी नाही तिथं."

पायल डबा घेऊन गेली, आणि मग रोजच जायला लागली. त्याची आई, वच्छलाबाई, म्हणजे काडीसारखी बाई, पण नजर कशी धारदार.

"तू कोण गं?"

"चादरीच्या दुकानातली."

"व्हय? मंग गिऱ्हाईकं लई बघितली असशील. आमचं पोरगं कसं वाटलं?"

पायलच्या हातातलं वरण सांडलं. वच्छलाबाई तोंडाला पदर लावून हसल्या. त्या वॉर्डात तेवढंच काय ते हसू झालं असेल.

चार दिवसांत डॉक्टरांनी पायलला बाजूला घेतलं. आता फार नाही, म्हणाले. कुणाला बोलवायचं असेल तर बोलवा.

ऋतुराजला वेगळ्या चेंबरमध्ये घेऊन दाब उतरवायला सुरुवात झाली होती. "सोड्याची बाटली एकदम उघडली तर कसा फेस येतो?" तो फोनवर सांगत होता. "लगेच बाहेर आलो तर तसं माझ्या रक्ताचं होईल. निघालोय मी, पायल… पण पाच-सहा दिवस लागतील. तोवर आईला निदान माझा आवाज तरी ऐकव."

तिनं फोन वच्छलाबाईंच्या कानाशी धरला.

"आई! आई, मी ऋतू!"

वच्छलाबाईंच्या कपाळाला आठी पडली. "कोण पोरगी बोलतीया ही? माझ्या लेकाकडं द्या की फोन."

"आई, मीच गं!" तो ओरडला, आणि आवाज आणखीच चिरकला. वच्छलाबाईंनी तोंड भिंतीकडं केलं. "न्हाय… ह्यो माझा न्हाय."

आई जाणार, आणि लेकाचा आवाज न ऐकता जाणार? तिनं फोन आपल्या कानाला लावला, दुसऱ्या हातानं त्यांचा हात धरला. "ऋतू, तू बोल. मी सांगते."

आणि ती बोलायला लागली. कानात ते चिरकं पडायचं, तिच्या तोंडून ते साधं, शांत बाहेर यायचं.

"आई, मी ऋतू. लई दुखतंय का?"

वच्छलाबाईंनी मान वळवली. "जेवलास का, बाळा?"

"जेवलो, आई."

"गार हाय का तितं?"

"चादर आहे, आई."

मग कानात काहीतरी आलं आणि पायल थांबली.

"काय म्हणतंय गं?"

"आई… ही तुझा हात धरून बसलीय ना… हिच्याशी मला लग्न करायचंय. हिला अजून विचारलं नाही. तुझ्यादेखत विचारतोय."

कुणाला अशी मागणी घातली असेल का हो, तिच्याच तोंडून? पायलच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

वच्छलाबाई तिच्याकडं बघत राहिल्या. मग दम घेत घेत बोलल्या. "तुझा बाप ट्रक घिऊन आंध्रात गेला, त्यो आलाच न्हाय. मी जलमभर दाराकडं बघत बसले. हिला तसं बसवायचं आसंल तर लगीन करू नगंस. पाणी सोडणार आसशील तर कर. सांग त्येला, पोरी. हाय तसं सांग."

नुसतं 'आई हो म्हणाली' एवढं सांगितलं असतं तर कोण विचारणार होतं? पण पायलनं शब्दन्‌शब्द सांगितला. पलीकडं नुसता हवेचा फुसफुसाट. मग तो बोलला, आणि ती बोलली:

"सोडतो, आई. हे शेवटचं."

वच्छलाबाईंनी डोळे मिटले. "आता कसं माझ्या लेकावानी बोललास," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या गेल्या. लेक अजून चेंबरमध्येच होता.

आईचं सगळं पार पडल्यावर तो सोलापूरला आला. तळ्याच्या पायऱ्यांवर दोघं बसली. तो वाळला होता, आणि आवाज पूर्वीसारखा जड होता. पायलला तो फार दिवसांनी ऐकून कसंतरीच झालं.

"कंपनीचा फोन आला होता," तो म्हणाला. "अर्धं तांबं अजून खालीच आहे. मी नाही म्हणून सांगितलं."

आणि तो पाण्याकडं बघत राहिला. उपाशी माणूस दुसऱ्याच्या ताटाकडं बघतो ना, तसं.

"खरं सांग, ऋतू."

"झोप लागत नाही, पायल. जमिनीवर मला काहीच सुधरत नाही…" त्यानं तिचा हात धरला. "पण सोडेन. आईला शब्द दिलाय."

"सोडशील रे. आणि रोज माझ्याकडं असाच बघशील, काहीतरी हरवल्यासारखा. तो शब्द तू नाही दिलास. आईनं ऐकला तो माझा आवाज होता. पाळायचा तर मी पाळते."

"म्हणजे?"

"दाराकडं बघत बसायचं नाही, म्हणाल्या ना त्या? मी नाही बसणार. लग्न नको. तू जा तुझ्या पाण्याकडं."

"पायल… प्रेम नाही तुझं?"

"आहे! लई आहे," ती रडत म्हणाली. "तू येईपर्यंत प्रत्येक वेळी मरेन, इतकं आहे."

तिचा तळहात त्यानं आपल्या गालाला लावून धरला, आणि तोही रडला.

"फोन तरी करू?"

"नको ना. तुझा फोन येणार म्हटलं की मी बसलेच वाट बघत."

तो पायऱ्या चढून गेला. पायलनं वळून बघितलं नाही. पाण्याकडं तोंड करून ती मोठ्यानं रडली, लोक बघतात तर बघू देत म्हणून.