वरच्या डोहातले खवले

परवा सकाळच्या आत वरच्या डोहातल्या खडस माशाचे खवले आणायचे होते. नाही आणले तर टँकर निघणार होता!

टँकरमधून मत्स्यबीज केंद्रातली दहा हजार पिल्लं वर नेऊन सोडायची, असं मत्स्य खात्याच्या साहेबांनी ठरवलं होतं. वरचे मासे खुंटलेत, संपत आलेत, असं त्यांचं म्हणणं. पण ती पिल्लं खालच्या नदीच्या पाण्यावर वाढलेली, आणि खालच्या नदीत रोग होता. गळाला लागला की तासभर झुंजणारा खडस तिथे नुसत्या हाताने उचलता येत होता. अंगभर लाल फोड, त्यांवर कापसासारखी बुरशी. अख्ख्या नदीत धबधब्यावरचा तो एक डोह तेवढा वाचला होता.

माशांचा डॉक्टर म्हणून ओळखला जाणारा माणूस हे खवले आणायला मेहुण्याला घेऊन निघाला होता. माशाच्या खवल्यावर झाडाच्या खोडासारखी वलयं असतात. थंडीत वाढ मंदावते, वलयं दाटतात. ती मोजली की वय कळतं आणि त्यांमधली जागा मोजली की वाढ; वरचे मासे खुंटलेले नाहीत हे त्यावरूनच दाखवता येणार होतं. चौदा वर्षं हे मोजमाप डॉक्टरच्या बायकोने केलं होतं. ती जाऊन सव्वा वर्ष झालं. काम आता त्याच्याकडे आलं होतं, आणि पहिल्याच सकाळी त्याने चूक केली.

आधी वरचं पाणी, मग खालचं, हा तिचा नियम. आजारी पाण्यातलं जाळं चांगल्या पाण्यात न्यायचं नाही. डॉक्टरने मात्र तुलनेसाठी वाटेवरच्या खालच्या डोहातच पहिलं जाळं टाकलं.

"ताईने कान उपटले असते तुमचे," मेहुणा म्हणाला.

"औषधाचा कॅन आहे ना? वर गेल्यावर जाळं त्यात बुडवू."

"तहान लागल्यावर विहीर खणायची तुमची सवय काही जात नाही, भावजी!"

दुपारी घळ अरुंद झाली. पाणी छातीपर्यंत आलं. दोर कड्याला बांधून डॉक्टर पलीकडे गेला. मागून मेहुणा निघाला. पायाखालचा दगड सरकला. तो पडला! दोराला लोंबकळला, गरगर फिरला, खडकावर आपटला. डॉक्टरने कॉलर धरून त्याला ओढून काढला, पण पाठीवरची पिशवी गेली. खाणं गेलं, कोरडे कपडे गेले. औषधाचा कॅनही गेला.

मेहुण्याचा घोटा सुजून भोपळ्याएवढा झाला होता. परतायचं तर टँकर जाणार. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि वर चढायला लागले. चढले कसले, हातापायांवर सरपटले.

वरचा डोह दिसला तेव्हा उन्हं अजून पाण्यावर होती. पाणी इतकं नितळ की तळातली वाळू दिसावी, आणि त्या वाळूवरून सावल्या सरकत होत्या. मासे! माणसाच्या हाताएवढे लांब, आणि एकाच्याही अंगावर पांढरा डाग नाही.

"टाका जाळं!" मेहुणा ओरडला.

डॉक्टरने जाळं खांद्यावरून उतरवलं. त्यातून पाणी ठिबकत होतं.

"नाही टाकता येत."

"काय?"

"ओलं आहे. दोन दिवस कडक उन्हात वाळलं असतं तर गोष्ट वेगळी."

"एक फेक, भावजी! एका फेकीने काय होतंय?"

"खाली असंच कुणीतरी एकदाच टाकलं असेल."

मेहुणा सरकत काठाकडे निघाला. "निदान पाय तरी बुडवू द्या. आग होतेय नुसती."

"पायही नाही."

"माणूस आहात की कसाई? मेलो तर ताईला काय सांगाल?"

बोलून त्याने जीभ चावली. डॉक्टर खाली बसला. त्याला रडू येत होतं. इतकं जवळ येऊन, स्वतःच्या चुकीने!

उन्हं कलली. पलीकडे, डोहातून पाणी खाली पडतं त्या टोकाच्या खडकावर काहीतरी चमकलं. डॉक्टरने बूट काढले, ओले कपडे काढले.

"आता काय नागवे नाचणार का?" मेहुणा कण्हत म्हणाला.

उरलेल्या उन्हात अंग कोरडं करून डॉक्टर खडकांवरून रांगत गेला. तिथे पाणमांजरांची पंगत होऊन गेली होती. माशाचं डोकं, काटे आणि रुपयाएवढे खवले, सुकून खडकाला चिकटलेले! त्याने नखांनी एकेक सोडवला.

परतीला पूर्ण एक दिवस लागला. मेहुणा पाठीवर, खवल्यांची पुडी टोपीत. दोनदा दोघेही पाण्याखाली गेले. दुसऱ्यांदा डॉक्टरने मेहुण्याला सोडून द्यायचा विचार केला, पण त्याची मिठी सुटेना.

तिसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. बाहेर टँकरचं इंजिन सुरू होतं.

"तेरा वर्षांचा मासा. खुंटलेला नाही हो हा! खालच्यांच्या दुप्पट वाढलाय." त्यांनी खवला जरा सरकवला. "आणि ही शेवटची जागा तर सगळ्यात रुंद. हे कुठलं वर्ष?"

डॉक्टरने टोपी काढून हातात घेतली.

"ती गेल्यानंतरचं," तो म्हणाला.

साहेब उठले, खिडकी उघडली आणि ड्रायव्हरला ओरडून म्हणाले, "गाडी बंद कर रे! पिल्लं परत टाकीत सोड!"