चार मीटर दहा

१९९७ च्या मे महिन्यातली दुपार. बेंगळुरूच्या एका प्रयोगशाळेत मथुरा मोहिते नव्या स्फटिकाची मापं घेत होती. स्फटिकावर धातूचा अतिशय पातळ थर. त्यावर लेसरचा क्षणभर झोत मारायचा, थर किती वेगानं निवतो ते टिपायचं आणि त्यावरून उष्णतेची कंपनं कुठेही न अडखळता किती दूर जातात याचं गणित मांडायचं. उत्तर केसाच्या जाडीहूनही कमी यायला हवं होतं.

संगणकानं उत्तर दिलं, चार मीटर दहा सेंटिमीटर.

“स्फटिक तर नखाएवढा आहे,” ती पुटपुटली. “देवाप्पा, जोडणी परत बघा.”

निपाणीचा देवाप्पा इथली यंत्रं सांभाळायचा. त्यानं एकेक आरसा तपासला. “सगळं सरी आहे, अक्का. जोडणी बरोबर आहे.”

“मग झोत वाढवू या.”

तिनं बटण दाबलं आणि भिंतीपलीकडच्या वर्कशॉपातून किंकाळी आली.

तिथे लेथवर देवाप्पाचा मेहुणा पद्मनाभ काम करायचा. तो जमिनीवर लोळत होता. दंडाचं मांस हाडापर्यंत करपलं होतं. सदऱ्याची बाही मात्र शाबूत. आसपास कुठे विस्तव नव्हता. लेथही गार होता.

पद्मनाभला रिक्षात घालून दवाखान्यात धाडल्यावर मथुरानं टेप आणला. तो पडला होता तिथपासून स्फटिकापर्यंत, भिंतीची जाडी धरून, तिनं दोनदा मोजलं. चार मीटर दहा.

देवाप्पानं हातोडा उचलला.

“नको, देवाप्पा! तीन वर्षं घातलीत मी यात!”

“माणूस जळाला, अक्का! बाजूला व्हा!”

ती झाली नाही. स्फटिक वाचवायला तिनं हात मध्ये घातला आणि घाव त्यावरच उतरला. बोटं कडकन मोडली. स्फटिकाचा चुरा तळव्यात रुतला, टेबलभर रक्त उडालं. देवाप्पा हातोडा टाकून दुसरी रिक्षा बोलवायला धावला.

दवाखान्यात डॉक्टरांनी जखम धुतली, चिमट्यानं चाचपली. चुऱ्याचा एक कणही सापडला नाही.

नर्सनं तिच्या जिभेखाली थर्मामीटर ठेवला. पारा हललाच नाही. नर्सनं तो धुऊन स्वतःच्या तोंडात धरला, सरसर चढला. झटकून, पुसून पुन्हा मथुराच्या जिभेखाली ठेवला.

पाच मिनिटं झाली. पारा तळाशीच.

खोलीच्या दुसऱ्या टोकाला, चारेक मीटरवर, पंख्याखाली बसलेल्या म्हाताऱ्यानं सदऱ्याची गुंडी काढली. मग दुसरी.

“सिस्टर,” तो म्हणाला, “स्वल्प पाणी द्या. आतून फार उकडतंय.”