हवी असल्यास घ्यावी

साखरेची बरणी जागेवर नव्हती! भिवंडीजवळच्या पूर्णा गावातल्या आमच्या गोदामाच्या कँटीनमध्ये ती चहाच्या टेबलावरून थेट सगळ्यात वरच्या फळीवर गेली होती. मी चवड्यांवर उभी राहून हात लांबवला… बोटं जेमतेम बरणीच्या बुडाला लागली, तोच मागून कुणीतरी विचारलं,

"काढून देऊ?"

वळले, तर निळ्या शर्टातला एक उंच मुलगा. हसला की डाव्या गालाला खळी पडत होती. सकाळी सकाळी, बिनसाखरेच्या तोंडाने, हे मला फारच झालं.

"द्या. आणि हा शहाणपणा कुणी केला, तेही सांगा."

"मी," तो म्हणाला.

तर हा मिहिर. तपासणीत गोदामातल्या निम्म्या लोकांची साखर वाढलेली निघाली, म्हणून कंपनीने त्याला महिनाभरासाठी आणलं होतं. त्याचं काम विचित्र होतं. कुणाला काही बंद करायचं नाही, फक्त वस्तू हलवायच्या. काकडी-बीट समोर, भजी खांबाआड, ताटं लहान आणि चहा आधीच बिनसाखरेचा. माणूस आळशी असतो म्हणे, जे हाताशी येईल ते खातो.

"आणि त्याला कळतही नाही," तो खुशीत म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. मी इथे सगळ्यांच्या शिफ्ट लावते. माझं आयुष्य लावणारं कुणी मला नको होतं.

"म्हणजे लपूनछपून भलं करायचं?"

"सांगून ऐकतं कोण?"

"नाही ऐकणार! आमची मर्जी. तुम्ही विचारा. आणि समोरचा नाही म्हणाला, तर नाहीच समजा."

त्याची खळी गेली. मला उगाचच वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी फळीखाली पाटी लागली: 'साखर मुद्दाम वर ठेवली आहे. कारण: तुमची तब्येत. हवी असल्यास घ्यावी.'

हमाल, ड्रायव्हर सगळे वाचून हसले. काहींनी बरणी काढली, पण बरेच जण तसाच चहा प्यायले. कँटीनच्या रंगूबाई म्हणाल्या, "आता साखर हवी का, इचारून देते. निम्मे जन न्हाय म्हनतात. पोरगा हुशार हाय गो!"

हुशार होता, हे मलाही दिसत होतंच. दुपारचा चहा आम्ही समोरासमोर घ्यायला लागलो.

"तुमची खुर्ची रोज माझ्याच समोर कशी?" मी एकदा विचारलंच.

"मुद्दाम ठेवली आहे."

"कारण?"

तो कानापर्यंत लाल झाला. "तब्येत," म्हणाला. "माझी."

मी त्याच्या प्रेमात पडले होते, दुसरं काही नाही.

शेवटच्या दिवशी, शिफ्ट सुटताना, बॅग खांद्याला लावून तो माझ्या टेबलाशी आला. "नीरजा, रविवारी वज्रेश्वरीला येणार माझ्यासोबत? दर्शन घेऊ, मग अकलोलीच्या गरम कुंडात पाय सोडून बसू… मला तुमच्याशी बोलायचंय."

मला जायचंच होतं… आणि माझ्या तोंडून बाहेर पडलं, "नको… कशाला उगाच त्रास."

आमच्या घरी पहिल्या विचारण्याला हो म्हणणं म्हणजे हावरटपणा. लाडू पुढे आला की नको म्हणायचं, समोरच्याने "घ्या हो" म्हणायचं, पुन्हा नको, पुन्हा आग्रह, आणि मग संकोचत दोन उचलायचे. मी खाली बघत आग्रहाची वाट पाहत राहिले.

"बरं," मिहिर म्हणाला. आणि गेला!

कप गोळा करणाऱ्या रंगूबाईंनी सगळं ऐकलं होतं.

"गेला हो!" मी रडकुंडीला आले.

"मंग? तूच न्हाय बोललीस."

"अहो, ते पहिलं नको होतं!"

"न्हाय म्हंजे न्हाय, हे त्याला तूच शिकवलंस ना? त्याचा महिना भरला, पोरी. आता तो परत येत न्हाय."

खरं होतं. नाही म्हटलेल्या मुलीला तो फोनसुद्धा करणार नव्हता. मी धावत सुटले.

गेटबाहेर भिवंडीचा नेहमीचा खोळंबा, एक कंटेनर आडवा, सगळे हॉर्न एकदम… आणि कडेला मिहिर, बाइकच्या चाकाशी वाकलेला.

"मिहिर! ते नको खरं नव्हतं. सवयीचं होतं. मला यायचंय. आणि फक्त रविवारपुरतं नाही… तू आवडतोस मला. झालं, सांगितलं!"

खळी इतकी खोल कधीच पडली नव्हती. "नक्की? पुन्हा विचारू?"

"खबरदार!" मग मात्र मला लाज वाटली. "बाइक… बिघडली का?"

"नाही. ठणठणीत आहे." तो चाचरला. "मुद्दाम थांबवली आहे."

"कारण?"

"आग्रह करायचा नव्हता… आणि जायचंही नव्हतं. म्हटलं, तुला यावंसं वाटलंच, तर फार लांब पळायला लागू नये. मला तू फार आवडतेस, नीरजा."

मला हसू आणि रडू एकदमच आलं. "पुन्हा लपूनछपून! पाटी लावायची ना!"

त्याने मागची सीट रुमालाने पुसली, हेल्मेट माझ्यापुढे धरलं आणि अगदी पाटीच्या सुरात म्हणाला, "इच्छा असल्यास बसावे."

मी एकदाही नको म्हणाले नाही.