खिशातला चौथा

हितेंद्र, तुम्ही डहाणू ठरवा नाहीतर केळवे, मला काय त्याचं. चार घरांचं लटांबर समुद्रावर न्यायचं तर मुक्कामाचं गाव आधी कोणीतरी बघून यायला पाहिजे, हेही कबूल. पण बघायला जाणार कोण म्हणालास? तू, दीपक आणि तौफिक. म्हणजे तिघं. मग बसा जरा. लाइट काही एवढ्यात येत नाही.

माझ्या दुकानाशेजारी हारुनचं गॅरेज आहे, तुम्हाला माहीत आहे. त्याचा दोस्त योगेंद्र, इथलाच, पिंप्राळ्याचा. माणूस वाईट नाही, पण मोठ्यांचं ऐकेल तर शपथ. मला त्याचा आजही राग येतो.

तेवीस सालची गोष्ट. नाताळच्या सुट्टीत तीन घरांनी समुद्र बघायला जायचं ठरलं. एका गावी सामान टाकायचं आणि रोज तिथून वेगळा किनारा करून यायचा. ते गाव निवडायला योगेंद्र आणि हारुन हारुनच्या गाडीतून शुक्रवारी पहाटे निघाले. पिंपळनेरला योगेंद्रची सासुरवाडी. तिथून त्याचा मेहुणा वना गाडीत बसला. झाले तिघं.

सासू झुंबरबाई गाडीला आडवी उभी राहिली. म्हणाली, "जवाईबापू, तिन्ही जन जाऊ नका. खिसामा एक खडा टाका, म्हणजे चौघं व्हतीस. काम व्हयनं का जठला तठेच ठी द्या. मन्हा एकच वना शे."

योगेंद्र हसला. काम झालं की खडा उचलला तिथेच परत ठेवायचा, यालाही हो म्हणाला. पण अंगणातला खडा काही उचलला नाही.

पुढे घाटात लघवीला थांबले, तेव्हा वनानं खड्याची आठवण करून दिली. रस्त्याच्या कडेला, वळणावर, खड्यांचा ढीग होता. तिथं कधीकाळी कोणीतरी मेलेलं. जाणारा-येणारा एकेक खडा टाकून पुढे जातो. टाकतो, समजलं? उचलत कोणी नाही. वना नको नको म्हणत असताना योगेंद्रनं त्यातलाच एक उचलला आणि खिशात घातला.

"हा घे तुझा चौथा," म्हणाला.

बोर्डीला पहिलं घर बघितलं. घरमालकीण चार चहा घेऊन आली. हारुन म्हणाला, "ताई, आम्ही तिघंच आहोत." तर ती म्हणे, "मग ते फाटकात उभे आहेत, त्यांना नको का?"

फाटकात कोणी नव्हतं.

रात्री डहाणूच्या लॉजवर पोऱ्यानं न सांगता चार गाद्या घातल्या. योगेंद्रला मजा वाटत होती. वना मात्र रात्रभर भिंतीला पाठ लावून बसला.

शनिवारी केळवे बघून झालं. वनाला केळवे आवडलं होतं. पण स्टेशन आहे, दवाखाना आहे, बाकीचे किनारे तासाभरावर, म्हणून डहाणूच पक्कं झालं. योगेंद्रनं लॉजवाल्याला आगाऊ पैसे दिले, वाळूत गेला आणि खिशातला खडा लांब समुद्रात भिरकावला.

वना म्हणाला, "दाजी, मायनी सांगेल व्हतं, जठला तठेच…"

"अरे, एका खड्यासाठी मध्यरात्री घाटात गाडी थांबवू काय?"

गाडी थांबली. ती कशी, ते ऐका.

शनिवार, सोळा डिसेंबर. अमावास्या होऊन चार दिवस झालेले. घाटात पोचले तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटं. हारुन चालवतोय, शेजारी योगेंद्र, मागे एकटा वना. वळण आलं आणि हारुननं करकचून ब्रेक मारला.

ढीग. काल कडेला होता. आज रस्त्याच्या मधोमध.



टपावर आवाज झाला. टक्.

"पोरं असतील," हारुन म्हणाला.

"या वेळेला?"

टक्… मग बॉनेटवर. टक्… जोरात नाही. कोणीतरी येता-जाता हलकेच टाकावा तसा. एक झाला की थांबायचं. मग दुसरा. बाहेर रस्ता रिकामा. गाडी मागे घ्यावी तर मागे चाकाखाली खडेच खडे.

वना मागून हळूच म्हणाला, "दाजी… मन्हा शेजारी कोन बसेल शे?"

योगेंद्रनं मागे बघितलं नाही. मान वळत नव्हती म्हणतो. मला विचाराल तर हिंमत नव्हती.

"वना?"

"हं."

टक्.

"वना?"

"हं…" "हं."

दोन. दोन हुंकार आले. एक वनाचा.

हारुननं डोळे मिटले. दुवा म्हणायला लागला.

"वना?"

…

"वना?"

…

खडे थांबले. हारुननं डोळे उघडले तर ढीग कडेला, काल होता तिथेच. त्यानं गाडी सोडली. पिंपळनेरचे दिवे येईपर्यंत दोघांपैकी कोणी मागे बघितलं नाही.

झुंबरबाई जागीच होती. गाडीत वाकून तिनं एवढंच विचारलं, "मन्हा वना कोठे शे?"

तेव्हा ते वळले.

मागची सीट रिकामी होती. दारं आतून बंद. काचा वर. पोलिसांनी चार दिवस दरी पालथी घातली, गावातली माणसं दोर लावून खाली उतरली. चप्पलसुद्धा मिळाली नाही. योगेंद्रची बायको दिपमाला त्या दिवसापासून नवऱ्याशी बोललेली नाही. एकुलता एक भाऊ होता तिचा. मीही बोललो नसतो.

खोटं वाटतंय ना, दीपक? उद्या सकाळी चल माझ्याबरोबर. हारुनच्या गॅरेजमागे ती गाडी ताडपत्रीखाली उभी आहे. ना विकता येत, ना मोडीत काढता येत. वना बसला होता त्या जागेचा पट्टा अजून लावलेला आहे. खटका दाबून निघत नाही. हारुन कापायला निघाला होता, तर म्हातारीनं पिंपळनेरहून येऊन त्याचे पाय धरले. कापू नका म्हणाली.

पट्टा सैल नाही रे… फुगलेला आहे. मध्ये माणूस बसल्यासारखा.

मी दार उघडून बघितलं. भर दुपारी. हात लावायची माझी छाती झाली नाही. नुसता बघत उभा राहिलो.

तो पट्टा… सावकाश… वर-खाली होत होता.