पैलवानाची नखं

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या. मला थापा मारायची हौस नाही. हे माझ्या डोळ्यांसमोर घडलंय, आणि रात्रीबित्री नाही, सोमवारी भर दुपारी चार वाजता.

मी एका निवासी संस्थेत काम करते. ज्या मतिमंद मोठ्या माणसांना घरी सांभाळणं जमत नाही, ती आमच्याकडे कायमची राहतात. त्यातलाच एक पैलवान. हे आम्ही ठेवलेलं नाव. वय बेचाळीस, बोलणं दिवसाकाठी दोन-चार शब्द, आणि बिनसलं की चावायचा. माझ्या दंडावर अजून खूण आहे. तरी माझा जीव होता त्याच्यावर.

नखं वाढली की तो स्वतःचेच हात ओरबाडून रक्तबंबाळ करायचा. आणि नखं कापू द्यायचा ती फक्त मावशीला, आमच्या कामवाल्यांतल्या सगळ्यात जुन्या बाईला. ती दर सोमवारी चारला यायची, पलंगावर त्याच्या डावीकडे बसायची आणि गप्प राहायची. तो आपणहून तिच्या मांडीवर हात ठेवेपर्यंत. कधी पाच मिनिटं, कधी तास.

मावशी झोपेतच गेली. हार्ट अटॅक.

संस्थेचे साहेब म्हणाले, पैलवानाला सांगायचं नाही, उगाच बिथरेल. सुट्टीवर आहे म्हणा. ते काम माझ्या गळ्यात पडलं. सहा आठवडे मी रोज वेळ मारून नेली.

नखं वाढत गेली. हात सोलून निघाले. मग तो नर्सला चावला, आणि साहेबांनी हात टेकले. येत्या सोमवारी डॉक्टरीणबाई तपासायला येणार होत्या. त्यांनी सही केली की पैलवानाची रवानगी मोठ्या इस्पितळाच्या बंद वॉर्डात.

त्याची बहीण जिन्यात माझा हात धरून रडली. "ताई, तिकडे बांधून ठेवतात हो..."

तो सोमवार उजाडला.

चार वाजत आले होते. मी त्याच्या दाराबाहेर उभी. आत जायची हिंमत होईना. तो भिंतीवर डोकं आपटत होता.

धप्... धप्...

मग एकदम शांत.

आणि...

टक.

टक... टक...

नेलकटरचा आवाज!

धारदार काही आम्ही खोल्यांत ठेवत नाही. नेलकटर एकच, आणि ते माझ्या खिशात होतं. मी चाचपून पाहिलं.

होतं.

दार हळूच ढकललं. पैलवान पलंगाच्या कडेला बसला होता. हात डावीकडे पुढे केलेला, पालथा, चादरीपासून वीतभर वर. जरासुद्धा थरथरत नव्हता. खाली कशावर तरी टेकवला असावा तसा.

पण खाली काहीच नव्हतं...

टक.

करंगळीचं नख चादरीवर पडलं. माझ्या डोळ्यांदेखत.

मी किंचाळणारच होते, तेवढ्यात जिन्यात बुटांचा आवाज आला. साहेब आणि डॉक्टरीणबाई. त्यांना दिसलं ते एवढंच की माणूस शांत बसलाय आणि दहाही नखं नीट कापलेली आहेत. बाईंनी विचारलं, कोणी कापली?

"मी," मी म्हटलं.

दुसरं काय सांगणार होते? वेड्यात काढलं असतं मला. आणि पैलवान राहिला ना! त्याची बहीण माझ्या पाया पडायला निघाली, तेव्हा मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी राहवेना. त्याच्या खोलीत गेले, खुर्ची ओढून समोर बसले. चावला तर चावला.

"पैलवान, मी खोटं बोलले रे. मावशी सुट्टीवर नाही. मावशी..."

त्याने तळवा माझ्या तोंडावर ठेवला. जोरात नाही. आधी डावीकडे पाहिलं... मग माझ्याकडे वाकला. एवढं सलग बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

"हळू बोल... तिला माहीत नाही."

मी अजून तिथेच नोकरी करते. दर सोमवारी त्याची नखं कापलेली असतात आणि वहीत सही मी करते. सगळे माझं कौतुक करतात.

कोणीतरी तिला सांगायला हवं, हे कळतं मला.

पण माझी छाती होत नाही.