दोरीच्या दुसऱ्या टोकाला

रफूताईंना कुणी विचारलं, की तुमचा असल्या गोष्टींवर विश्वास आहे का, तर त्या सुईत दोरा ओवता ओवता म्हणतात, "विश्वासाचं मला कळत नाही. उपकार मात्र आहेत माझ्यावर." आणि समोरचा घाईत नसेल, तर दुकानाचं दार अर्धं लोटून, टेबलावरचा दिवा जरा जवळ ओढून ही हकीकत सांगतात.

त्यांचं दुकान म्हणजे एका जुन्या इमारतीच्या जिन्याखालची खोली. एका अंगाला किल्ल्या बनवणारा, दुसऱ्या अंगाला लाँड्री. चेन बदलणं, पँट आखूड करणं अशी कामं तिथे चालत. पण खरं नाव रफूचं. कपडा कुठे फाटला होता हे ज्याने फाडला त्यालासुद्धा सापडू नये, असा त्यांचा हात.

त्यांचे यजमान गॅरेजमध्ये मिस्त्री होते. एका सकाळी गाडीखाली आडवे होऊन नट आवळताना त्यांचा उजवा हात पडला, तो पुन्हा उठलाच नाही. तेव्हापासून रोज सकाळी मिस्त्रींच्या शर्टाची बटणं ताई लावत आणि रोज मिस्त्री म्हणत, "एवढी इंजिनं उघडली, पण एका शर्टाने हरवलं बघ मला." ताई हसत. हसण्यावारी न्यायला दोघं हळूहळू शिकली होती.

घरात तिसरा प्राणी म्हणजे बटण. काळा, बुटका, आखूड पायांचा कुत्रा. एक दिवस दुकानाच्या पायरीवर, कुणाच्या तरी कोटातून गळून पडावा तसा पडलेला सापडला, म्हणून नाव बटण. त्याच्या गळपट्ट्याला ताईंनी एक घुंगरू शिवलं होतं. हे बेणं कधी कुठल्या कपड्यांच्या ढिगात जाऊन झोपेल, नेम नसायचा.

बसून बसून पाठीचं धनुष्य झालंय, जरा चढ-उतार करा, असं डॉक्टरांनी ताईंना बजावलं होतं. म्हणून सुट्टीच्या दिवशी त्या बटणला घेऊन शहराबाहेरच्या डोंगराळ वनउद्यानात जात. त्या दिवशीही जेवणं आटोपून निघाल्या. मिस्त्री दारातून म्हणाले, "अगं, उजेडी परत ये. थंडीचे दिवस आहेत."

"येते हो. चहा मात्र तुम्ही करायला जाऊ नका. मागच्या वेळी पातेलं घासता घासता माझा जीव गेला."

उद्यानाच्या फाटकाशी चौकी होती. तिथला पहारेकरी ओळखीचा. त्याच्या कोटाचा खिसा ताईंनीच रफू केलेला. त्याने हात वर केला, बटणने शेपूट हलवली, आणि दोघं चढाला लागली.

वर माथ्याजवळ एक बाक आहे. तिथे बसून ताईंनी पाव आणि उकडलेलं अंडं खाल्लं, बटणला अर्धं दिलं. जवळच खडकातून पाणी झिरपून एक डबकं साचलं होतं. बटणला नीट पाणी पिता यावं म्हणून त्यांनी गळपट्ट्यातून दोरीची कडी सोडली. तेवढ्यात झुडपातून ससा उसळला आणि बटण त्याच्यामागे हां हां म्हणता नाहीसा झाला. घुंगराचा आवाज उताराखाली गेला, बारीक होत होत विरून गेला.

"बटण! ए बटण!"

उत्तर आलं नाही. आलं ते धुकं. दरीतून वर चढत आलं. आधी खालची झाडं गेली, मग पायवाट, मग समोरचा बाक. ताईंनी आपला हात पुढे केला तर बोटं पुसट झालेली. पाखरं गप्प झाली होती. पानांवरून टपटपणारं पाणी तेवढं ऐकू येत होतं, तेही कुठून ते कळत नव्हतं.

ताई घाबरट नव्हेत. पण त्या क्षणी त्यांच्या मनात एकच आलं. मी इथे घसरून पडले, तर उद्या सकाळी यांच्या शर्टाची बटणं कोण लावणार? त्या हाका मारत राहिल्या. घसा बसला.

मग जवळच कुणीतरी धापा टाकत आलं. ओली केसाळ कूस त्यांच्या गुडघ्याला घासली.

"आलास रे बाबा... आलास..." ताई रडवेल्या झाल्या. बोटं थंडीने बधिर झालेली. चाचपत चाचपत त्यांनी गळपट्ट्याचं कडं शोधलं आणि दोरीची कडी त्यात अडकवली. नेहमीसारखं खाली वाकावं लागलं नाही, हे त्यांच्या हाताला जाणवलं होतं. मनापर्यंत मात्र पोचलं नाही. भीतीने माणूस आधीच अर्धा वाकलेला असतो, असं त्यांना वाटलं असेल.

दोरी ताणली गेली. ताई मागोमाग निघाल्या.

कुत्रा दिसत नव्हता. दोरी हातातून निघून धुक्यात शिरत होती आणि पुढे दिसेनाशी होत होती, एवढंच. पण ओढ अशी जाणती, की मोठा दगड आला की दोरी सैल व्हायची, थांबायची. पाय टाकून झाला की पुन्हा हळूच ताणायची. अंधाऱ्या जिन्यावरून आपण म्हाताऱ्या माणसाला उतरवतो ना, तसं. ताई त्याच्याशी बोलत होत्या. घरी गेल्यावर तुला दूध देईन, म्हणत होत्या. वास मात्र वेगळा येत होता. विहिरीतला गाळ उपसून काठावर टाकल्यावर येतो, तसा गार, जुना वास.

दोन वाटा फुटतात तिथे त्या पोचल्या. त्या जागचा खांब हाताला लागला म्हणून कळलं. फाटकाकडची वाट उजवीची. दोरी डावीकडे वळली.

"अरे, उजवीकडे... बटण, इकडे..."

त्यांनी ओढलं. दोरी हलेना. त्यांनी जोर लावून उजवीकडे पाऊल टाकलं, तर तो येऊन त्यांच्या पायांत आडवा उभा राहिला. गुडघ्यांवर सगळा भार देऊन त्याने त्यांना मागे रेटलं. ताई दोन पावलं मागे हटल्या. बटणच्या अंगात एवढं बळ नव्हतं. बटण एवढा उंचही नव्हता.

आणि तेव्हाच त्यांच्या ध्यानात आलं, की इतका वेळ घुंगरू वाजलेलंच नाही.

त्या तिथेच खिळून राहिल्या. मग उजव्या वाटेकडून आवाज आला, डंपरने खडी ओतावी तसा. आधी सर्र, मग घरंगळत जाणारा गडगडाट. खोल, खूप खोल जाऊन तो थांबला. पायाखालची जमीन थरथरली.

त्यानंतर ताईंनी ओढून पाहिलं नाही. दोरी डावीकडे गेली, त्याही गेल्या. दोरी हातातून सोडवत नव्हती. सोडली तर एकटी पडेन ही एक भीती आणि धरून ठेवली तर... ही दुसरी.

किती वेळ चालल्या, त्यांना सांगता येत नाही. धुकं करडं होत गेलं, मग काळपट. मग पुढे चौकीच्या दिव्याचा पिवळा डाग दिसला. आणि तिकडून, त्या दिव्याकडून, घुंगरू वाजलं. पाठोपाठ भुंकणं. तेच ते बटणचं फाटक्या भोंग्यासारखं भुंकणं.

"ताई! तुम्हीच का?" पहारेकऱ्याचा आवाज आला. "तुमचा कुत्रा केव्हाचा येऊन बसलाय इथे! बांधून ठेवलाय मी!"

ताईंच्या हातातली दोरी तशीच ताठ होती.

"ताई? ...बोलत का नाही?"

"आले... आले हो दादा. तुम्ही... तुम्ही तिथेच थांबा."

पळून जावं असं त्यांना वाटलं नाही असं नाही. पण ज्याने इथवर आणलं, त्याला गळ्यात दोरी अडकवून तसंच सोडून जायचं? त्या पुढे झाल्या, हातावर हात ठेवत दोरीच्या टोकापर्यंत गेल्या. कडी सापडली. तिच्याखाली गळपट्टा. बोटं आपसूक शिवणीवर फिरली. जाड कापड, हाताने घातलेले टाके, एका जागी उसवून लोंबणारे. कुणीतरी कधीकाळी मायेने शिवलेलं. आत मान होती, पण तिला ऊब नव्हती. श्वास लागत होता, तोही गार.

त्यांनी कडी सोडली. "जा रे बाळा," त्या कुजबुजल्या. "माझं घर राखलंस तू... जा आता."

तळहातावरून एक जीभ फिरली. ओल्या दगडासारखी. मग समोर काहीच नव्हतं. पावलं वाजली नाहीत, पाचोळाही हलला नाही.

चौकीत पहारेकऱ्याने गरम पाणी दिलं, बटण मांडीवर चढून थरथरत राहिला. ताईंचा तळहात तो हुंगायचा आणि मान फिरवायचा. घरी आल्यावर मिस्त्रींना त्यांनी सगळं सांगितलं. मिस्त्री डाव्या हाताने बायकोचा हात धरून म्हणाले, "कोण का असेना. मला तू परत मिळालीस."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या शर्टाची बटणं लावताना ताईंचे डोळे भरून येत होते. मिस्त्री इंजिनाचा विनोद करायला विसरले.

पुढच्या सुट्टीला ताई पुन्हा गेल्या. पहारेकऱ्याने त्यांना फाट्यापर्यंत नेऊन दाखवलं. उजवी वाट उरलीच नव्हती. खांबापासून थोड्याच अंतरावर कडा तुटून खाली दरीत गेला होता. "एरवी मी विचारलंही नसतं ताई," तो म्हणाला, "पण डावी वाट झुडपांनी मिटून कैक वर्षं झाली. तुम्ही त्यातून आलात कशा?"

ताईंनी पिशवीतून एक नवा गळपट्टा काढला. बोटांना आठवत होतं तेवढ्या मापाचा, दुहेरी कॅनव्हासचा, आतून मऊ फ्लॅनेल लावलेला. रात्री जागून नाही, दुकानातच, गिऱ्हाइकांची कामं बाजूला सारून शिवलेला. तो त्यांनी खांबाला अडकवला आणि हात जोडले. पुढच्या खेपेला तो तिथे नव्हता. पहारेकरी म्हणाला, कुणीतरी उचलला असेल. ताईंना बरं वाटलं. उसवलेलं नीट करून दिल्यावर वाटतं, तसं.

थंडी सरली. मग एका सकाळी त्यांनी दुकानाचं कुलूप काढलं आणि बटण उंबऱ्यातच अडून बसला. आत यायला तयार होईना. खोलीत गाळाचा गार वास होता. शिलाई मशीनवर, कापड दाबून धरणाऱ्या दाबपट्टीच्या अगदी खाली, तो गळपट्टा ठेवलेला होता. ओला, चिखलाने माखलेला.

ताईंनी तो उचलून दिव्याखाली धरला. कुणी चावला नव्हता, की कापला नव्हता. दुहेरी कॅनव्हास, मेणाचा दोरा, सगळं आतून बाहेरच्या दिशेला ताणून फाटलं होतं. ज्याच्या गळ्यात होता, त्याची मान वाढली होती.

त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग दार लोटून घेतलं, कापड पसरलं, आणि या वेळी वीतभर जास्त कापलं.