मोजमापाबाहेरचा सेनापती

पाषाणच्या टेकडीआड उभ्या असलेल्या युद्धगणित संस्थेत एक नियम कुठेही लिहिलेला नव्हता, आणि तो कुणी कधी मोडलाही नव्हता: महाराजांना यंत्रात घालायचे नाही. सिकंदर चालेल, चंगीझखान चालेल, नेपोलियनला तर दर आठवड्याला वॉटर्लूवर पुन्हा उभे केले जाई. थोरल्या बाजीरावांच्या वेळी थोडी कुजबुज झाली, पण शेवटी तेही आत गेले. महाराज मात्र नाहीत. "यादी दुसऱ्या क्रमांकापासून सुरू करा," असे पहिल्या संचालकांनी सांगितले होते म्हणे. विहंग फडतरेला हे वाक्य फार आवडे. मोजण्याचेच काम करणाऱ्या माणसांनी एक जागा न मोजता सोडावी, यात त्याला काहीतरी कोवळे वाटत असे.

आज मात्र त्याच्या मनात कोवळे असे काहीच नव्हते. समोरच्या खुर्चीत निवृत्त लेफ्टनंट जनरल माधव कारखानीस बसले होते. नेरसूच्या खिंडीचे विजेते. सात वर्षांपूर्वी त्याच खिंडीत विहंगचा थोरला भाऊ, कॅप्टन यशोधन फडतरे, अकरा जवानांसह वरची चौकी घेताना मारला गेला होता. चौकी मिळाली, खिंड मिळाली, जनरलना पदक मिळाले. दादाला तसे मरणाच्या तोंडी देण्याची गरज होती का, एवढाच प्रश्न वहिनीने सात वर्षे सगळीकडे विचारला होता, आणि प्रत्येक ठिकाणाहून तिला तेच उत्तर मिळाले होते: युद्धाची निकड. आपण या संस्थेत नोकरी कशासाठी धरली, हे विहंगने कुणालाच सांगितले नव्हते. सांगायची गरजही नव्हती. त्याचे आडनावच ते सांगत होते.

"तर तुमच्या या यंत्रानं सगळ्यात मोठा सेनापती कोण ते कळतं," जनरल म्हणाले. "आमच्या मेसमध्ये या वादावर भांडणं व्हायची. मी हॅनिबलच्या बाजूनं असायचो."

"मग आपलं जमेल, जनरलसाहेब!" कोपऱ्यातून डॉ. बशीर मुलाणी म्हणाले. मिरजेचे हे इतिहासकार संस्थेतले सर्वांत जुने आणि सर्वांत बोलके. "हा पोरगा कुणाच्याच बाजूनं नसतो. जेवणातसुद्धा मीठ कमी की जास्त ते सांगत नाही. समजावून सांग रे विहंग, नीट."

विहंगने समजावले. एरवी चार वाक्ये बोलताना अडखळणारा तो, या विषयावर मात्र सरळ बोले. "लढाई जिंकली की आपण सेनापतीला श्रेय देतो, सर. पण लढाईत जमीन असते, हवामान असतं, शत्रूच्या चुका असतात, हजारो माणसं असतात. त्यातलं सेनापतीचं किती? या यंत्रात, कर्तृत्वमापकात, आम्ही त्या लढाईचं रणप्रतिरूप उभं करतो. प्रत्येक अधिकाऱ्याचा स्वभाव त्याच्या नोंदींवरून बांधतो. मग तीच लढाई लाखभर वेळा लढवतो आणि दर वेळी एकच माणूस बदलतो. त्याच्या जागी दुसरा कुणी, तिसरा कुणी, आणि एकदा नुसती रिकामी खुर्ची. माणूस बदलल्यानं निकाल जेवढा बदलतो, तेवढा त्याचा कर्तृत्वांश."

"आणि निकाल म्हणजे? जिंकणं?"

"जिंकणं, आणि मेलेली माणसं. दोन्ही. एकाच मापानं."

जनरलनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिले. "तुझा चेहरा त्याच्यावर गेलाय," ते म्हणाले. "चालव तुझं यंत्र. जे येईल ते मला मान्य. तुलाही असेल ना?"

"असेल, सर."

दुपारपर्यंत यंत्र नेरसूची खिंड लढत राहिले. पडद्यावर बर्फाळ उतार पुन्हापुन्हा उजळत आणि विझत होता. जनरलच्या खुर्चीत यंत्राने शंभर वेगवेगळे सेनानी बसवून पाहिले; धाडसी, सावध, मूर्ख. मग खुर्ची रिकामी ठेवली. विहंगला अपेक्षा होती ती एकाच गोष्टीची: कुठलाही शहाणा माणूस त्या खुर्चीत बसला असता तर दादा वाचला असता, हे आकड्यांत दिसावे.

आकडा आला. जनरल माधव कारखानीस यांचा कर्तृत्वांश: शून्य.

मुलाणी पुढे झुकले. "रिकामी खुर्चीसुद्धा तेवढीच जिंकते?"

"तेवढीच जिंकते," विहंग म्हणाला. "आणि तेवढीच माणसं मरतात. तीच बारा."

त्याला आनंद व्हायला हवा होता. पदकामागचा माणूस पोकळ ठरला होता. पण जनरल अगदी शांतपणे म्हणाले, "म्हणजे विजय माझा नव्हता. आणि ती बारा माणसंही मी मारली नाहीत. एकाच मापानं, म्हणालास तू."

विहंगच्या ध्यानात हे एका क्षणात आले आणि त्याला वाटले, पायाखालचा उतारच सरकला. त्याने ज्या हाताने त्या माणसाचे श्रेय काढून घेतले होते, त्याच हाताने त्याचा दोषही पुसून टाकला होता.

"मग कुणाचं आहे ते?" जनरलनी विचारले. "कुणाचं तरी असेलच ना?"

विहंगने तक्ता पुढे सरकवला. वाऱ्याचा अंश थोडा, शत्रूच्या तोफखान्याचा थोडा, रसद पोचवणाऱ्यांचा थोडा. आणि खाली, कुणाच्याच नावावर न लागलेला, अवाढव्य शेष. यंत्र म्हणत होते की या लढाईचा बहुतेक सगळा निकाल अशा एका ठिकाणी ठरला, जिथे त्याला पाहूच दिलेले नाही.

मुलाण्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि अधिकाऱ्यांची नावे एकेक करून वाचली. प्रत्येकापुढे 'चल' असे लिहिले होते. एका नावापुढे 'स्थिर' होते. ते थांबले. त्यांच्या आवाजातली थट्टा गेली होती.

"विहंगा, तू सगळ्यांना बदललंस. यशोधनला नाही बदललंस."

"त्याची गरज नव्हती, सर. दादा फक्त हुकूम पाळत होता. वरून आदेश आला, तो गेला. आदेश बदलला असता तर..."

"आदेश लाखभर वेळा बदलला की. तरी तो गेलाच." मुलाणी हळूच म्हणाले, "आपण इथे सगळे एकाला मोजत नाही. तू दोघांना मोजलं नाहीस, एवढंच."

पद्धत विहंगची होती. तिच्याशी इमान राखायचे तर बोट उचलून तो एक शब्द बदलणे भाग होते. त्याने तो बदलला. 'स्थिर'च्या जागी 'चल' आले, आणि लहानपणी सायकल शिकवताना मागून धरणारा दादाचा हात लाखभर वेळा दुसऱ्या कुणाकुणाचा झाला.

यशोधनच्या जागी दुसरा कॅप्टन उभा केला की तो खाली थांबत होता. खिंड हातची जात होती. बारा माणसे घरी परतत होती. तिसरा थांबत होता, चौथाही. यशोधन परत ठेवला की तो वर चढत होता. हल्ल्याचा आदेश असो, थांबण्याचा असो, आदेशच नसो, तो चढत होता आणि अकरा जण त्याच्या मागून जात होते, कारण तो मागे वळून हसत असे आणि त्या हसण्याला कुणी नाही म्हणू शकत नसे.

आकडा स्थिरावला. यंत्राने आजवर मोजलेल्या साऱ्या सेनापतींत असा आकडा कुणाचाच नव्हता.

"हॅनिबलला मागं टाकलं रे तुझ्या भावानं," मुलाणी म्हणाले, आणि म्हणता म्हणताच त्यांना कळले की हा विनोद होऊ शकत नाही. कारण खालच्या ओळीत यंत्राने त्याच मापाने, त्याच नावावर, अकरा मृत्यू लिहिले होते.

"खोटं आहे हे," विहंग म्हणाला. "तुमचा आदेश होता वर जायचा. तुमच्या अहवालात आहे तसं."

जनरलनी खिडकीबाहेर पाहिले. "माझा आदेश माघारीचा होता. दोनदा दिला, वायरलेसवर. दुसऱ्यांदा त्यानं ऐकलं आणि म्हणाला, 'सर, वरून खिंड फार सुंदर दिसत असेल.' मग वायरलेस बंद. अहवाल मी नंतर लिहिला. आदेश मोडून अकरा जणांना घेऊन गेला असं लिहिलं असतं, तर त्याच्या बायकोला काय मिळालं असतं? म्हणून लिहिलं, मी पाठवलं. मग खिंड मिळाल्याचं पदकही मलाच घ्यावं लागलं. एक घेतलं की दुसरं येतंच."

"मग आज कशाला आलात इथे?"

"सात वर्षं लोक मला मोठा सेनापती म्हणतायत, विहंग. म्हातारपणी वाटलं, पाहावं, त्यात एवढंसं तरी माझं होतं का." ते हसले, ते हसणे पाहवत नव्हते. "शून्य. ठीक आहे. आता हे छापायचं की नाही ते तू ठरव. मी आहे तसा राहीन, मला सवय झालीय."

मेजावरचा फोन थरथरला. साताऱ्याहून वहिनी. आज नेरसूची मोजणी आहे, हे तिला ठाऊक होते.

विहंगने फोन उचलला. जनरल उठून जाऊ लागले, पण त्याने हातानेच त्यांना थांबवले. का, ते त्याचे त्यालाही उमगले नाही.

"भावजी, झालं का हो?" तिचा आवाज धावत आल्यासारखा होता. "आलं का काही?"

"आलं."

"मग? बोला ना. त्यांनीच ना? कारखानीसांनीच?"

पडद्यावर दादा अजून चढत होता. उत्तर सोपे होते, आणि ते खरे बोलायला एकच श्वास पुरला असता. सात वर्षे ती ज्याच्यासाठी जगली ते सत्य त्याच्या ओठांवर आले, तसे त्याला दिसले की ते तिच्या हातात ठेवणे म्हणजे तिचा नवरा तिच्याकडून दुसऱ्यांदा काढून घेणे. समोरच्या म्हाताऱ्या माणसाने डोळे मिटले आणि अगदी किंचित मान हलवली.

"हो, वहिनी," विहंग म्हणाला. "त्यांनीच."

पलीकडे ती रडू लागली. सुटका झाल्यासारखी, मोकळी रडू लागली.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "यशोधन आपल्या माणसांना असं कधी नेणारच नाही. थांबा, आता मी त्या अकराही जणांच्या घरी फोन करते. त्या पोरांच्या आया वाट बघत बसल्यात."